परसातली भट्टी

१८ जानेवारी १९२७

डॉक्टरांनी सकाळी जे सांगितले ते अव्वाला सांगायचे धाडस संध्याकाळपर्यंत झाले नाही. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली आहे. मोडलेल्या पाळण्यांची लाकडे भरून गाड्या दारावरून चालल्या होत्या, त्यांच्याकडे बघत पेढीवरून आल्यावर मी ओट्यावर नुसता बसून राहिलो.

दसऱ्याच्या सुमारास आमचे मूल जन्मताच गेले. मुलगी होती, रडलीसुद्धा नाही. तेव्हापासून बायकोच्या, दाक्षायणीच्या, पोटात अन्न ठरत नाही. भाकरी नाही, आमटी नाही, ताकभातसुद्धा नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातात. डॉक्टर म्हणाले, संग्रहणी आहे, आतडे आतून सोलल्यासारखे झाले आहे. ज्वारी, डाळ, तिखट सगळे बंद. फक्त दूध आणि निखाऱ्यावर कडक केलेला पाव. मी म्हणालो, आमच्यात पाव चालत नाही. डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "मग काय चालतं ते तुम्हीच ठरवा. मी सांगायचं ते सांगितलं."

अव्वाला शेवटी सांगितले. ती वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "शिंदी घालून फुगवलेलं, पायानं तुडवलेलं पीठ. ते ह्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय, मादेवा. मी मठात कुठल्या हातानं वाढू मग?"

आईचेही बरोबरच आहे. मी लहान असताना अप्पा वारले. तेव्हापासून गल्लीतल्या मठात दुपारच्या दासोहाचा स्वयंपाक ती करते. येईल त्याला जेवू घालायचे. तेवढ्यावर ती उभी आहे. पण दाक्षायणी आत सगळे ऐकत होती. मी आत गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

जेवताना एक विचार आला. पाव बाहेरचा नको, तर घरचा चालेल की. शिंदीशिवाय पीठ फुगवायचे, हाताने मळायचे. अडचण भट्टीची. तर भट्टीच बांधायची.

२२ जानेवारी

स्टेशनजवळ मौलाबक्षची बेकरी आहे, तिथे पेढी सुटल्यावर गेलो. ओळख नव्हती. कारण सांगितल्यावर त्याने मला थेट आत नेले आणि कंदील धरून भट्टीचे तोंड दाखवले. बाहेरून चौकोनी ओटा दिसतो, पण आत विटांचा घुमट आहे, कढई पालथी घातल्यासारखा. आतच लाकडे पेटवायची. विटा तापून पांढऱ्या पडल्या की विस्तव ओढून काढायचा, ओल्या पोत्याने तळ पुसायचा, पाव आत सरकवायचे आणि तोंड बंद करायचे. विस्तव नाही, विटांनी धरून ठेवलेली ऊब पाव भाजते. मला हे फार आवडले. इतके दिवस आमच्या घरात काही करण्यासारखे नव्हतेच, नुसते बघत बसायचे. आता आहे.

मौलाबक्ष म्हातारा आहे, भुवया पिठाने पांढऱ्या. म्हणाला, "एक बीमार बाई के वास्ते भट्टी कायकू बांधते? मैं रोज घर पो भिजातूं ना."

मी म्हणालो, आमच्या लोकांत तसे चालत नाही. त्याने कंदील खुंटीला अडकवला. मग "हौ, वो बी है," म्हणाला आणि घुमट कसा चढवायचा ते सांगू लागला. खाली वाळूचा ढीग करायचा, त्यावर ओले पोते, त्यावर गोल गोल विटा. वाळल्यावर तोंडातून वाळू काढून घ्यायची. ऐकायला सोपे वाटते.

येताना त्याने मला पाण्याचे विचारले नाही. आपण विचारायचे नाही हे त्याला कळले असावे.

४ फेब्रुवारी

विटा आल्या. परसात न्हाणीपलीकडे जागा धरली आहे. कोंडीबा गवंड्याने जोते बांधून दिले. मंद्रूपचा आहे, विहिरींची कामे करतो, हात चांगला आहे.

दाक्षायणीची बाज मागच्या सोप्यात हलवली. दार उघडे ठेवले की परस समोर. दिवसभर भिंती बघण्यापेक्षा काम बघून तिचा जीव रमेल, असे मला वाटले. तिने विचारले, दिसायला कशी असेल? मी जमिनीवर बोटाने गोल काढून दाखवला, मध्ये तोंड. तिने भट्टी कधी पाहिलेली नाही. दुधनीला तिच्या माहेरी चूल आणि न्हाणीचे चुलाण, एवढेच. ती त्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढी मोठी?"

मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर आहे.

अव्वा बोलत नाही. परसात यायचे झाले तर विटांना वळसा घालून जाते.

१२ फेब्रुवारी

कोंडीबा काम सोडून गेला. जोते झाले, वाळूचा ढीग झाला, घुमटाची पहिली वीट लावायची वेळ आली आणि हा थापी धुऊ लागला. म्हणाला, "मालक, हितनं फुडं मला सांगू नगा. बाई समूर निजलीया. ह्ये असलं गोल बरं न्हाय दिसत." मी म्हणालो, वरून गिलावा केल्यावर चांगली दिसेल. त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले आणि गेला. दुसरे मोठे काम मिळाले असणार. लोकांना लहान काम नको असते.

ठीक आहे, मी स्वतःच करीन. तिप्पण्णांच्या सुताच्या पेढीवर दिवसभर हिशेब लिहितो. संध्याकाळी आल्यावर उजेड असेपर्यंत विटा लावायच्या.

दाक्षायणीने बाज फिरवून मागितली. उजेड डोळ्याला लागतो म्हणाली. फिरवून दिली. आता तिचे पाय परसाकडे आणि तोंड भिंतीकडे असते.

२० फेब्रुवारी

घुमट वर वर येतो आहे. प्रत्येक फेरी आत कलते आणि विटा एकमेकींना धरून राहतात. चिखलात गूळ आणि तागाचा भुसा घातला आहे. बोटांची सालटी निघाली, पण चिखल हातात असला की डोक्यातले सगळे बंद होते.

तिची तब्येत मात्र उतरतीच आहे. आज दुधाचेही तसेच झाले. मी काम करत असताना तिने दोनदा हाक मारली. फेरी अर्धी होती, चिखल वाळला असता, म्हणून "आलो आलो" म्हणालो. हात धुऊन गेलो तोवर तिचा डोळा लागला होता. अव्वा उशाशी बसली होती. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी म्हणालो, "तिच्यासाठीच करतोय ना मी." अव्वाने तिच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.

माणसाने एवढे केले तरी घरात कौतुकाचा एक शब्द नाही. असो.

२ मार्च

घुमट पडला.

आज शिवरात्र म्हणून पेढी बंद होती. सकाळी पूजा आटोपून वाळू काढायला बसलो. अर्धी वाळू निघाली तोवर सगळे ठीक होते. मग एक वीट सुटली, तिच्यामागून दुसरी, आणि सगळा डोलारा आत बसला. मी हात ओढून घेतला म्हणून वाचला. चिखल आतून ओलाच होता. मी घाई केली.

धूळ खाली बसल्यावर पाहिले तर अव्वा मागच्या दारात उभी. ती म्हणाली, "बरं झालं."

आईच्या तोंडून असे शब्द येतील असे मला कधी वाटले नव्हते. सून मेली तरी चालेल, पण सोवळे मोडायला नको. मी तिला तसे म्हणालो नाही, पण मनात हेच होते आणि तिला ते कळले असावे. उपास होताच, त्यामुळे जेवायचा प्रश्न आला नाही.

३ मार्च

एक नवल लिहून ठेवतो. घुमट पडला म्हणून दाक्षायणीला वाईट वाटेल, असे मला वाटले होते. पण काल ती दिवे लागल्या लागल्या झोपली ती उजाडेपर्यंत. कित्येक दिवसांत असे झाले नव्हते. सकाळी तिने आपण होऊन केस विंचरून मागितले आणि बाज पुन्हा फिरवायला सांगितली, परसाकडे. पडलेल्या विटांकडे बघत पडली होती.

मी म्हणालो, काळजी करू नकोस, पुन्हा बांधतो, या वेळी चुन्यात. तिचे डोळे भरून आले. "राहू द्या की," म्हणाली. "झालं तेवढं लई झालं." माणसाची जगायची उमेदच गेली की असे बोलते. मी तिला थोडे रागावलो. म्हणालो, तू धीर सोडलास तरी मी सोडणार नाही.

१५ मार्च

नव्याने जोत्यापासून सुरुवात केली. चुना मळायला वेळ लागतो. या वेळी घाई करायची नाही.

अव्वाचे वागणे बदलले आहे. मठातून ती पूर्वी उन्हे असताना परत यायची, आता पार कलल्यावर येते. परवा आमच्या पेढीच्या हमालाने तिला स्टेशनच्या रस्त्याला पाहिले म्हणे. गल्ली आणि मठ सोडून ती कुठे जात नाही, त्यामुळे त्याची काहीतरी चूक झाली असणार. घरी आली की पदर घट्ट लपेटून सरळ मागच्या सोप्यात दाक्षायणीकडे जाते आणि दार लोटते. मी विचारले तर म्हणाली, बायकांचं काय काय असतं. कुणा जंगमाकडून अंगारा किंवा मुळी आणत असावी. डॉक्टरांना कळले तर रागावतील, पण मी भांडण वाढवले नाही.

आनंदाची गोष्ट अशी की डॉक्टरांनी आज जीभ पाहिली आणि चांगला फरक आहे म्हणाले. त्यांनी विचारले, "पाव देताय ना?" मी म्हणालो, भट्टी होतेच आहे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा एकदा जीभ पाहिली. त्यांनी दिलेल्या पुड्या लागू पडल्या असाव्यात.

२८ मार्च

तिप्पण्णांनी आज मला गादीजवळ बोलावले आणि दार पुढे केले. ते नुसते माझे मालक नाहीत, मठाचे पंचही आहेत. माणूस न्यायी आहे. म्हणाले, "महादेवप्पा, तुझ्या परसात भट्टी होतीय ते सगळ्यांना माहीत हाय. त्याचं बघू पुढं. पण लोक म्हणतात, तुझ्या घरात बेकरीचा पाव येतोय."

माझे अंग तापले. मी म्हणालो, पाव आणायचाच असता तर हात फोडून विटा कशाला लावल्या असत्या? ते म्हणाले, मी विचारतोय, आरोप करत नाही. मग मी सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातले इष्टलिंग मुठीत धरले आणि सांगितले, माझ्या घरात पावाचा एक तुकडाही आलेला नाही.

लिंगावर हात ठेवून मी आयुष्यात कधी शपथ घेतली नव्हती. तिप्पण्णांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "बस झालं. आता कुणी बोललं तर मी बघतो."

घरी येऊन अव्वाला सगळे सांगितले. मला वाटले, तिला बरे वाटेल, मुलाने घराची लाज राखली. ती भाकरी थापत होती. हात थांबला, तव्यावरची भाकरी जळू लागली तरी तिचे लक्ष नव्हते. म्हणाली, "शपथ कशाला घेतलीस रे?" मी म्हणालो, खऱ्याला कसली भीती?

ती जेवली नाही. दाक्षायणीही माझ्याशी डोळा मिळवत नव्हती. या घरात कुणाला कशाने सुख होते ते मला कळेनासे झाले आहे.

३ एप्रिल

पाडवा. घुमट उभा राहिला.

वाळू ओंजळी-ओंजळीने काढली. शेवटची वाळू निघाली, आत डोके घालून पाहिले. एकही वीट हलली नव्हती. दारात गुढी उभारून लगेच आत तुरकाट्यांचा लहानसा जाळ केला, ओल जाण्यासाठी. धूर तोंडातून सरळ वर गेला. मी लहान मुलासारखा ओरडत सोप्याकडे गेलो आणि दाक्षायणीला म्हणालो, चल, धरून नेतो, बघ तरी.

अव्वा आडवी आली. "तिला नको नेऊ." मी तिला बाजूला केले. आज लिहिताना त्याची लाज वाटते, पण तेव्हा केले.

तोवर दाक्षायणी आपण होऊन उठली होती. चौकट धरून उभी राहिली. किती दिवसांनी तिला उभे पाहिले. तिने त्या घुमटाकडे पाहिले, आतल्या जाळाकडे पाहिले, आणि हळूच म्हणाली, "आत खरंच विस्तव असतो व्हय?" आणि तिथेच खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडू लागली. मला काहीच उमगेना. मी म्हणालो, भट्टी म्हटल्यावर विस्तव असणारच.

तेव्हा अव्वा बोलली. "तिला ती गद्दिगी वाटली रे. आपल्यात माणूस बसवून माती देतात आणि वर बांधतात, ती. समोर निजून रोज बघत व्हती ती, तू एक एक वीट लावतोस ते."

मी दाक्षायणीकडे पाहिले. ती म्हणाली, "तुमी भट्टी म्हणायचा. मला वाटायचं, आजाऱ्याला कुणी खरं सांगतंय व्हय. तुझ्यासाठीच हाय, म्हणाला की तुमी."

पुढे मला लिहवत नाही.

५ एप्रिल

दोन दिवस विटांना हात लावला नाही. कोंडीबा काय म्हणत होता ते आता कळते. त्याला दिसले, अव्वाला दिसले, मलाच दिसले नाही. ती हाका मारत होती तेव्हा मी चिखल वाळेल म्हणून गेलो नाही.

आज पेढीवरून आल्यावर तिच्या बाजेवर बसलो. तीच म्हणाली, "असंच बसा. मला तुमची पाठच दिसायची." मग मुलीबद्दल बोलली. आम्ही तिच्याबद्दल एकदाही बोललो नव्हतो. केस दाट होते म्हणाली. मला माहीत नव्हते, मी पाहिलेच नव्हते.

८ एप्रिल

मठातून बोलावणे आले. आज जे झाले ते नीट लिहून ठेवले पाहिजे.

ओसरीवर पंच बसले होते, तिप्पण्णा मध्ये. गल्लीतली काही माणसेही होती. एकाने उभे राहून सांगितले की माझी आई मौलाबक्षच्या बेकरीच्या पायरीवरून पाव उचलताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, एकदा नव्हे, अनेकदा. मला हसू आले. मी म्हणालो, तुम्ही दुसऱ्या कुणाला पाहिले असेल, पाव या शब्दाने माझी आई विटते. तिप्पण्णा म्हणाले, "ह्यानं लिंगावर हात ठेवून शपथ घेतलीय. मी साक्षी हाय." पुन्हा शपथ घ्यायला मी हात गळ्याकडे नेला.

"हात काढ, मादेवा."

अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दासोहाची वेळ होती, हाताला पीठ लागले होते. ती ओसरीच्या कडेला आली, पण वर चढली नाही. म्हणाली, "त्याची शपथ खरी हाय. त्यानं खोटं केलं न्हाय, त्याला ठावंच नव्हतं. पाव मी आणला. रोज आणला. पदराखाली आणला आन् माझ्या हातानं सुनेला भरवला."

मग एका पंचांनी विचारले, मुलगा सोवळ्यातली भट्टी बांधत असताना हे का केले?

"त्याची भट्टी व्हईस्तवर पोरगी राहिली असती व्हय?" अव्वा म्हणाली. "एकदा बांधली, ती पडली. त्याच्या हातात काही नव्हतं म्हणून तो विटा लावत बसला. माझ्या पायात तर चालायचं बळ व्हतं."

तिने विनवणी केली नाही, पश्चात्ताप झाला असेही म्हणाली नाही. पंचांनी आपसांत बोलून ठरवले. घर वाळीत टाकायचे नाही, कारण बाई आजारी आहे आणि मुलगा निर्दोष आहे. पण गुरम्माने, म्हणजे अव्वाने, यापुढे दासोहाच्या चुलीला हात लावायचा नाही. तिप्पण्णांनी हे सांगितले तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते.

अव्वा आत गेली. मला वाटले, सामान घ्यायला गेली. पण तिने तव्यावरची भाकरी उलटली, भाजून टोपलीत टाकली, चुलीतली लाकडे मागे ओढली आणि मग हात धुऊन बाहेर आली. मठाच्या उंबऱ्याला डोके टेकवले. मी तिच्या मागून घरी आलो. वाटेत ती एकदाही थांबली नाही.

९ एप्रिल

आज तिने सगळे सांगितले, तेही मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर.

घुमट पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मठातून परस्पर बेकरीकडे गेली. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. पुढच्या दिवशीही तसेच. मग मौलाबक्षच बाहेर आला. त्याने नाव विचारले नाही. केळीचे पान धुऊन पायरीवर ठेवले, त्यावर पाव ठेवला आणि आत निघून गेला. रोज तसेच ठेवायचा. "पयले काही दिवस मी पानासकट उचलला," अव्वा म्हणाली. "मग एकदा वारा व्हता, पान उडालं. त्यानं हात पुढं केला. मी घेतला."

म्हणजे मी लिंग हातात धरून शपथ घेत होतो, तेव्हा मागच्या सोप्यात पाव होता. या गोष्टीने मला झोप येत नाही. माझे पाप की तिचे, की कुणाचेच नाही, हे सांगेल असा माणूस माझ्या ओळखीत नाही. ज्यांना विचारता आले असते त्यांच्यासमोरच ते घडले.

मी तिला म्हणालो, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं," ती म्हणाली. "आन् तुला येत न्हाय ते."

आणखी एक विचारायचे होते. घुमट पडला तेव्हा बरं झालं का म्हणालीस? पण त्याचे उत्तर मला मिळालेच आहे. एवढे दिवस आईबद्दल मी मनात काय काय धरून होतो, ते या वहीच्या मागच्या पानांवर आहे. फाडावी असे वाटले. फाडली नाहीत.

१७ एप्रिल

गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर येत नाहीत. कुणी उघड बोलत नाही, वाटेत भेटले तर हसतात, पण थांबत नाहीत. तिप्पण्णांनी मला कामावर ठेवले आहे. आता गादीजवळ बोलावत नाहीत, काम माणसाकरवी सांगतात.

सगळ्यात कठीण दुपार आहे. आज रविवार, म्हणून मी घरी होतो. मठात घंटा झाली की अव्वा उठते, दोन पावले टाकते आणि थांबते. मग काहीतरी निवडायला घेते. तांदूळ निवडून झाले होते, तेच तिने पुन्हा सुपात घेतले.

मला वाटत होते, आता बेकरीचा पाव उघडच आणावा. ज्यासाठी झाकायचे ते तर गेलेच. अव्वाने ऐकून घेतले. म्हणाली, "आणू की. पण तू ती बांधलीस, ती काय नुसती उभी राहणार?" मी म्हणालो, मी ती पाडणार आहे, दाक्षायणीच्या डोळ्यांसमोर ती नको. तेव्हा दाक्षायणी आतून म्हणाली, "पाडू नका. एकदा पेटवा. मला बघायची हाय."

२४ एप्रिल

आज भट्टी लावली.

मनुकांचे पाणी फसफसायला ठेवले होते, त्यात गव्हाचे पीठ कालवून पाहिले, पहिल्यांदा आंबट होऊन गेले, दुसऱ्यांदा फुगले. बाभळीची लाकडे आत पेटवली. घुमटाच्या विटा आधी काळ्या झाल्या आणि मग हळूहळू पांढऱ्या पडल्या, मौलाबक्षने सांगितले तसेच. चुन्याला एक बारीक चीर गेली. पण घुमट हलला नाही.

पीठ मळायला मी बसलो तर अव्वा म्हणाली, "असं कुस्करू नको, उठ." आणि बाह्या सारून स्वतः बसली. मठात घंटा झाली. तिने मान वर केली नाही. "घट्ट झालंय, पाणी आण," म्हणाली. मी आणले. दाक्षायणी दारात पाट टाकून, भिंतीला टेकून बसली होती. गाल अजून खोल आहेत, पण बांगडी मनगटाशी थांबते.

विस्तव ओढून काढला, तळ पुसला, गोळे सरकवले, तोंडाला फळी लावली. आम्ही तिघे फळीकडे बघत बसून राहिलो. परसभर वास पसरला. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणीतरी खिडकी लावून घेतली.

पाव निघाले ते खालून करपलेले आणि वरून फिकट. मौलाबक्षच्या पावासारखे हलके तर अजिबात नाहीत. मला रडू यायचे बाकी होते. दाक्षायणीने एक हातात घेतला, फुंकर घालून मोडला, करपलेले काढून टाकले आणि आतला तुकडा चावू लागली. चांगला आहे म्हणाली नाही. फक्त खात राहिली.

मग तिने उरलेल्यातला एक तुकडा अव्वापुढे धरला. अव्वा एवढे दिवस रोज पाव आणत होती, मोडून भरवत होती, पण तिने स्वतः तो कधी तोंडात घातला नव्हता. ते माझ्याही ध्यानात आले नव्हते. तिने तुकडा घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. खूप वेळ चावत राहिली, दातांत काही सापडते का बघावे तशी. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

गिळून झाल्यावर म्हणाली, "ह्याला तर चवच न्हाय की."

दाक्षायणी हसली. हसताना तिला ठसका लागला, तो थांबल्यावर तिने आणखी एक तुकडा मागितला. अव्वाने करपलेला भाग नखाने खरवडून काढला आणि तिच्या हातावर ठेवला.